८२, ९७ आणि ९२ : शाळेच्या गाडीचा हिशोब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी बोललेल्यांनी शाळेच्या आठवणी सांगितल्या, काहींनी डोळे पुसायला लावले. मला समितीने दिलेलं काम जरा कोरडं आहे. आपण सगळ्यांनी वर्गणी काढून वाड्यावस्त्यांवरच्या मुलांसाठी शाळेला जी जुनी पेट्रोल व्हॅन दिली, ती सारखी गरम का होत होती आणि आता का होत नाही, ते सांगायचं आहे. पैशाच्या पावत्या खजिनदारांकडे आहेत. माझ्याकडे तीन आकड्यांचा हिशोब आहे : ८२, ९७ आणि ९२. हे तीन आकडे समजले की तुमच्या घरची गाडीसुद्धा तुम्हाला समजेल, म्हणून पंधरा मिनिटं ऐकून घ्या. गॅरेजवाल्याला माइक मिळण्याचे प्रसंग थोडे असतात.

आधी तक्रार काय होती ते सांगतो. व्हॅन आल्यापासून दोनदा रस्त्यात उकळली. दोन्ही वेळा चढावर, पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि गाडीत मुलं. वाफ निघाली, मुलं घाबरली, पालक शाळेत आले. दोष कुणावर आला? गाडीवरच्या मामांवर. ‘लक्ष देत नाहीत, पाणी बघत नाहीत’ असं म्हटलं गेलं, आणि दुसरा माणूस बघा इथपर्यंत गोष्ट गेली होती. त्यातच एका ठिकाणी गाडी दाखवली, तर ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसला म्हणून ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल’ असं सांगण्यात आलं. म्हणजे मामांची नोकरी आणि आपली उरलेली वर्गणी, दोन्ही एकाच वेळी पणाला लागलं होतं.

गाडी माझ्याकडे आल्यावर दोन गोष्टी दिसल्या. आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आणि रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ केला होता, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच काढून, डॅशबोर्डवर घरातल्या पंख्यासारखं एक बटण बसवलं होतं. मामांना सांगितलेलं असं की गाडी गरम वाटली की बटण दाबा, पण सारखं चालू ठेवू नका, बॅटरी उतरेल. विचार करा. समोर ट्रॉली, मागून एसटीचा हॉर्न, गाडीत चौदा मुलांचा गोंधळ, आणि त्यात त्यांनी काट्याकडे बघून बटण दाबायचं. आपण माणसाला थर्मोस्टॅट केलं होतं. एखाद्या दिवशी तो चुकणारच.

आता या दोन वस्तू नेमकं काय करतात ते बघू.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो, आणि उरलेला इंजिनभोवतीच्या पाण्याला बाहेर न्यावा लागतो. ते पाणी पंपाने फिरतं, रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने गार होतं, परत येतं. या वाटेवर इंजिनच्या तोंडाशी एक दरवाजा असतो, तो थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात पितळेच्या डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं आणि स्प्रिंगला दाबून दरवाजा उघडतं. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दरवाजा लावून घेते. वीज नाही, वायर नाही. उघडण्याचा आकडा बहुधा त्याच्यावरच छापलेला असतो. आपल्याकडे ८२ आणि ८८ हे आकडे पुष्कळदा दिसतात. पण ८२ म्हणजे दरवाजा किलकिला होण्याचं तापमान. सताड उघडायला त्याला आणखी दहा-बारा अंश लागतात. ८२ चा थर्मोस्टॅट ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो.

माझ्या दुकानात रोज होणारा वाद इथूनच सुरू होतो. लोक म्हणतात, ‘गाडी गरम होते ना, मग कमी आकड्याचा टाक, नाहीतर काढूनच टाक.’ उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढायचा आणि थंडीत लावायचा अशीही पद्धत आहे. मी त्यांना एवढंच विचारतो, की दरवाजा लवकर उघडल्याने दरवाजापलीकडची खोली मोठी होते का? पूर्ण उघडल्यावर ७१ चा थर्मोस्टॅट आणि ८८ चा थर्मोस्टॅट यांत काही फरक राहत नाही. त्यापुढे गाडी किती तापणार ते रेडिएटर, पंप आणि वारा ठरवतात. रेडिएटर क्षाराने भरला असेल तर ७१ वालाही त्याच ११० वर जाऊन पोचेल, फक्त दोन-चार मिनिटं उशिरा. थर्मोस्टॅट गाडीचं कमीत कमी तापमान सांभाळतो. जास्तीत जास्त तापमान सांभाळणं त्याच्या हातात नाही. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं इथे येणं कारणी लागलं.

पण मग कमीत कमी तापमान सांभाळायचं कशाला? इंजिन थंड असलं की बरंच, असं वाटतं. तसं नसतं. थंड इंजिनमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून जास्त पेट्रोल द्यावं लागतं. कॉम्प्युटरवाल्या गाडीत तर कॉम्प्युटरला वाटतं की गाडी अजून सकाळचीच आहे, आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. मग ॲव्हरेज पडतं. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर झाकणाखाली, जिथे सगळ्यात गार असतं तिथे, ती ऑइलशी घुसळून बसते. ताकावर लोणी यावं तसा तो पांढरट थर.

आपल्या व्हॅनच्या झाकणाखाली तेच लोणी होतं. पावसाळा, वस्ती ते शाळा असा छोटा फेरा आणि थर्मोस्टॅट गायब. पण ‘असं असेल’ यावर इंजिन सोडून देता येत नाही, कारण हेड गॅस्केट गेल्यावरही तसंच पांढरं दिसू शकतं. म्हणून आठवडाभर रोज सकाळी, गाडी गार असताना, रेडिएटरमधलं पाणी बघितलं. थेंबभर कमी झालं नाही. गाडी चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का पाहिलं, आले नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, ताकासारखं झालं नव्हतं. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं, सगळ्यांचं सारखं आलं. दोनदा उकळूनही हेड वाकलं नव्हतं, हे आपलं नशीब. इंजिन खोलायची गरज नव्हती.

थर्मोस्टॅट काढण्याचा आणखी एक तोटा सांगतो, कारण तो उलटा वाटतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी एक चकती असते. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं, त्या आडवाटेला बायपास म्हणतात. थर्मोस्टॅट उघडला की ही खालची चकती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला, तर आडवाट कायमची उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच परत इंजिनात येतं. अशी गाडी सपाटीवर थंड राहते आणि चढावर तापते. गाडी थंड राहावी म्हणून काढलेल्या भागामुळेच ती तापते.

तर पहिला आकडा ठरला ८२. तो मी काही शोध लावून ठरवला नाही. या इंजिनाला कंपनीने जो दिला होता तोच परत बसवला.

आता फॅन. फॅन हवा असतो गाडी उभी असताना किंवा रेंगाळत असताना. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाला समोरचा वाराच पुरतो. यातून एक घरगुती निदान मिळतं. गाडी ट्रॅफिकमध्ये आणि रेंगाळत्या चढावर तापत असेल, पण हायवेला ठीक असेल, तर फॅनकडे बघा. हायवेला वेगात तापत असेल, तर फॅनला दोष देऊ नका, रेडिएटर, पंप, पाण्याची पातळी बघा. आपली व्हॅन पहिल्या प्रकारातली होती.

जुन्या पद्मिनीला, अँबेसिडरला फॅन पट्ट्यावर असायचा, इंजिन फिरलं की तो फिरणार, त्याला डोकं नव्हतं. इलेक्ट्रिक फॅनला स्विच आला, आणि त्या स्विचवर दोन आकडे असतात : चालू कधी व्हायचं आणि बंद कधी व्हायचं. दोन का? घराच्या गच्चीवरची टाकी आठवा. टाकी अर्धी झाली की मोटर चालू होते आणि भरली की बंद होते. दोन्हीसाठी एकच खूण ठेवली, तर पाणी जरा हललं की मोटर चालू-बंद, चालू-बंद करत राहील आणि जळेल. फॅनचंही तसंच आहे. दोन आकड्यांत पाच-सहा अंशांचं अंतर लागतं.

स्विच आणायला माणूस पाठवला, तर दुकानातून ८८/८३ चा आला. ‘हा घ्या, फॅन लवकर लागेल, गाडी थंड राहील,’ असा निरोपही आला. स्विच वाईट नव्हता, जागा चुकत होती. आपल्या व्हॅनमध्ये स्विच थर्मोस्टॅटशेजारी, इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं तिथे आहे. तिथे थर्मोस्टॅट स्वतःच पाणी ८२ च्या वर धरून ठेवतो, आणि भार आला की ते नव्वदीच्या घरात जातं. म्हणजे ८८ ला फॅन लागला, की ८३ ला येऊन बंद होण्याची वेळ क्वचितच येईल. फॅन दिवसभर फिरणार, हायवेलासुद्धा, जिथे त्याचं काहीच काम नाही. मोटरचे ब्रश झिजणार, अल्टरनेटरवर भार पडणार, आणि बरोबर मे महिन्यात चढावर फॅन बंद पडणार. हाच ८८/८३ चा स्विच दुसऱ्या एखाद्या गाडीत, रेडिएटरच्या खालच्या बाजूला, गार झालेल्या पाण्यात बसत असेल, तर तिथे तो अगदी योग्य ठरू शकतो. म्हणून स्विच घेताना नुसता आकडा विचारू नका, तो कुठे बसतो हेही विचारा.

आपल्यासाठी नियम सोपा होता. फॅन चालू होण्याचा आकडा थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याच्या वर हवा, कारण दरवाजा पुरता उघडायच्या आत पंखा लावण्यात अर्थ नाही. आणि फॅन बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडायला लागण्याच्या बराच वर हवा, नाहीतर फॅन बंदच होणार नाही. थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो, ९५ ला पुरता उघडतो. म्हणून फॅन ९७ ला चालू, ९२ ला बंद. हे ते बाकीचे दोन आकडे.

इथे आपल्या बॅचच्या ग्रुपवर मोठी घबराट उडाली होती. ‘९७? अरे, १०० ला पाणी उकळतं, तीनच अंश राहिले!’ विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, त्यांच्या साक्षीने उत्तर देतो. पाणी १०० ला उकळतं ते उघड्या भांड्यात आणि समुद्राकाठी. आपलं गाव सहाशे मीटर उंचीवर आहे, इथे उघडं पाणी ९८ लाच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ ला. पण रेडिएटर हे उघडं भांडं नाही, तो प्रेशर कुकर आहे. त्याच्या टोपीला स्प्रिंग असते. ०.९ बार छापलेली टोपी पाण्यावर तेवढा जादा दाब ठेवते, आणि त्या दाबाखाली पाणी ११८ च्या आसपास उकळतं. त्यात कुलंट असेल तर आणखी थोडं वर. म्हणजे ९७ ला फॅन लागला तरी वीस अंश हाताशी असतात. मात्र ही सगळी सोय त्या टोपीच्या रबरावर उभी आहे. रबर फाटलं, की दाब गेला आणि वीस अंशही गेले. व्हॅनची टोपी जुनी होती, बदलली. या सगळ्या कामात ती सगळ्यात स्वस्त वस्तू होती.

आणि कुकर आहे म्हणूनच हात जोडून एक सांगतो. गाडी उकळली तर टोपीला हात लावायचा नाही. कुकरची शिट्टी होत असताना झाकण कुणी उघडतं का? टोपी फिरवली की दाब जातो, आणि ११० अंशांच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती तोंडावर येते. गाडी बाजूला घ्या, मुलांना रस्त्यापासून लांब उतरवा, बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटर हाताला गार लागला की मगच टोपी. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, हेडला तडा जाऊ शकतो. आणि इंजिन बंद असलं तरी फॅनच्या पात्यात हात घालू नका, काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही स्वतःहून फिरायला लागतो.

वस्तू बसवायच्या आधी त्या तपासल्या शाळेच्याच प्रयोगशाळेत, नववीच्या मुलांसमोर. भांड्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅटच्या दरवाजात दोरा अडकवून तो पाण्यात, तळाला टेकणार नाही असा, लटकवलेला. दरवाजा उघडला की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. तो ‘टण्’ झाला त्या क्षणाला थर्मामीटर वाचायचा. फॅनच्या स्विचला बॅटरी आणि छोटा बल्ब जोडला. बल्ब लागला तो आकडा चालूचा, पाणी गार होताना विझला तो बंदचा. पाणी ९८ च्या वर जाईना, तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘पुस्तकात तर १०० लिहिलंय.’ सर, त्या दिवशी तुमचा हवेच्या दाबाचा धडा मुलांना फळ्याशिवाय कळला.

वायरिंगचं थोडक्यात. फॅनची मोटर दहा-पंधरा अँपिअर खाते. डॅशबोर्डच्या बटणाला जी बारीक वायर जोडली होती, तिचं प्लास्टिक काळं पडलं होतं. म्हणजे गाडी उकळण्याच्या बरोबरीने ती पेट घेण्याचीही भीती होती, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आता स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, मोठा करंट जाड वायरीतून, फ्यूजमधून, रिलेमार्गे जातो. डॅशबोर्डवरचं बटण मी काढलं नाही. ते रिलेला जोडून अडीअडचणीसाठी ठेवलं आहे, शेजारी एक हिरवा दिवा आहे. फॅन चालू असला की दिवा लागतो. मामांनी आता फक्त रस्ता बघायचा. काटा मधोमध गेला, चढावर दिवा लागला, थोड्या वेळाने विझला, तर सगळं ठीक. काटा वर गेला आणि दिवा लागला नाही, तरच बटण दाबायचं आणि मला फोन करायचा. पाऊस गेला, उसाचा हंगाम सुरू झाला, ट्रॉल्या परत रस्त्यावर आल्या. अजून फोन आलेला नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाड्या नव्या आहेत. त्यात हा स्विच नसतो, एक सेन्सर तापमान सांगतो आणि कॉम्प्युटर फॅन लावतो. एसी लावला की फॅन फिरतो, ते बरोबर आहे, घाबरू नका. पण हिशोब तोच आहे, फक्त आकडे कंपनीने आत लिहून ठेवलेत. थर्मोस्टॅट मात्र तिथेही आहे, आणि तो काढायला निघालेले हातही आहेत. तुमच्या गाडीत तो आहे की नाही हे बघायचं असेल, तर सकाळी गार गाडी चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताने चाचपा, पट्ट्यापासून आणि फॅनपासून हात लांब ठेवून. बहुतेक गाड्यांत काही मिनिटं तो गार राहतो आणि मग एकदम तापतो, म्हणजे थर्मोस्टॅट जागेवर आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर तो गेला आहे, किंवा उघडा अडकला आहे.

शेवटी दोन मागण्या. एक, व्हॅनमध्ये विहिरीचं पाणी ओतू नये, क्षार बसून रेडिएटर बुजतो. शाळेच्या कपाटात कुलंटचे डबे ठेवले आहेत. त्यांना कुलूप असू द्या, कारण ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. दोन, या सभेच्या इतिवृत्तात एक ओळ लिहावी, की गाडी दोन्ही वेळा उकळली ती गाडीच्या रचनेमुळे, चालकाच्या दुर्लक्षामुळे नाही. मामा मागच्या रांगेत बसले आहेत. मुलांना आणायला त्यांना साडेचारला निघायचं आहे, म्हणून मी वेळेत थांबतो.